प्रकाशझोताची वाटणी : टेबलावरील भूमिका-खेळांतील समन्यायाचा इतिहास (इ.स. १९६९ ते २०२५)

सारांश

टेबलाभोवती बसून केवळ बोलण्यातून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत सर्व खेळाडूंना सारखी संधी कशी द्यावी, हा प्रश्न या खेळप्रकाराइतकाच जुना आहे. प्रस्तुत शोधनिबंधात इ.स. १९६९ ते २०२५ या कालखंडातील निवडक नियमपुस्तिकांच्या आधारे या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला आहे. समता प्रथम पात्रांच्या सामर्थ्यात शोधली गेली, नंतर पाळीच्या क्रमात शोधली गेली आणि अखेरीस बोलण्याचा वेळ व इतरांचे लक्ष हेच वाटून घ्यावयाचे खरे धन होय, ही जाणीव नियमांत उतरली. या वाटचालीत वाटपाची जबाबदारी एका सूत्रधाराच्या सौजन्याकडून संपूर्ण गटाच्या नियमबद्ध व्यवहाराकडे सरकली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : भूमिका-खेळ, सूत्रधार, प्रवक्ता, पाळी, प्रकाशझोत, समन्याय.

१. प्रस्तावना

बुद्धिबळात किंवा पत्त्यांत कोणाची पाळी केव्हा येणार, हे खेळाच्या रचनेतच ठरलेले असते. मंद बुद्धीच्या व मितभाषी खेळाडूलाही त्याची खेळी हमखास मिळते. इ.स. १९७४ पासून अमेरिकेत रूढ झालेल्या टेबलावरील भूमिका-खेळांचे स्वरूप मात्र वेगळे आहे. या खेळात चार-सहा माणसे एकत्र बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार असतो. तो कल्पित जगाचे वर्णन करतो आणि त्या जगातील गौण पात्रे स्वतः वठवतो. बाकीचे खेळाडू प्रत्येकी एक पात्र घेतात व ते पात्र काय करते, काय बोलते, हे सांगतात. परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. सामान्यतः यात कोणी जिंकत वा हरत नाही. पट, सोंगट्या, प्रतिमा असल्या तरी त्या साहाय्यक असतात. खेळ घडतो तो बोलण्यात.

यातूनच प्रस्तुत विषयाची समस्या निर्माण होते. जो बोलतो त्याचे पात्र त्या जगात वावरते. जो गप्प बसतो त्याचे पात्र कागदावर राहते. एक साधा हिशेब येथे उपयोगी ठरेल. चार तासांच्या बैठकीत २४० मिनिटे असतात. सूत्रधाराकडे त्यांपैकी निम्मी गेली आणि उरलेली १२० मिनिटे पाच खेळाडूंत अगदी समान वाटली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला २४ मिनिटे येतात. म्हणजेच आदर्श वाटणीतही प्रत्येक खेळाडू २१६ मिनिटे श्रोताच असतो. वाटणी असमान झाली तर एखाद्या खेळाडूला संपूर्ण संध्याकाळ प्रेक्षक म्हणून घालवावी लागते. रंगभूमीवरून घेतलेली ‘प्रकाशझोत’ ही संज्ञा या संदर्भात रूढ झाली. ज्या पात्राकडे त्या क्षणी सर्वांचे लक्ष आहे, त्याच्यावर प्रकाशझोत आहे, असे म्हटले जाते.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ ज्या वर्षी बाजारात आला, त्याच १९७४ साली हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांचा संभाषणातील पाळीच्या व्यवस्थेवरील निबंध ‘लँग्वेज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा केवळ योगायोग होता. परंतु प्रस्तुत विवेचनासाठी तो निबंध उपयुक्त आहे. त्यातील मांडणीनुसार दैनंदिन संभाषणात पुढची पाळी तीन प्रकारे ठरते. चालू वक्ता पुढचा वक्ता निवडतो. त्याने निवडला नाही तर जो आधी बोलू लागतो त्याला पाळी मिळते. कोणीच बोलले नाही तर चालू वक्ताच पुढे बोलत राहतो. वादसभा किंवा समारंभ यांत मात्र पाळ्या आधीच वाटून दिलेल्या असतात. भूमिका-खेळ हा संभाषणाच्या रूपाने चालत असल्यामुळे त्याला दुसरा नियम जन्मतःच लागू होतो. त्यामुळे धीट, चटपटीत आणि अनुभवी खेळाडूला आपोआप अधिक पाळ्या मिळतात. या खेळांचा पुढील इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या नैसर्गिक नियमाला घातलेल्या बांधांचा इतिहास होय.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) भूमिका-खेळांत खेळाडूंमधील समन्यायाची कल्पना कशी बदलत गेली, याचा कालक्रमाने शोध घेणे.
२) या बदलांमागील व्यावहारिक कारणे स्पष्ट करणे.
३) वाटपाच्या विविध पद्धतींचे गुण व मर्यादा तपासणे.

या अभ्यासाची मुख्य साधने नियमपुस्तिका आहेत. नियमपुस्तिका आदर्श सांगते. प्रत्यक्ष व्यवहार तसाच होता, असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. तथापि धर्मनिबंधांचा किंवा कायद्यांचा अभ्यासक ज्याप्रमाणे निषेधावरून आचाराचा अंदाज बांधतो, त्याप्रमाणे नव्याने घातलेल्या नियमावरून त्या ठिकाणी काहीतरी खटकत होते, असे अनुमान करता येते. येथे हीच पद्धत अवलंबिली आहे.

३. पूर्वपीठिका : युद्धखेळ आणि ताटकळलेले खेळाडू

भूमिका-खेळांचे मूळ प्रशियातील लष्करी युद्धखेळात सापडते. राइसविट्झ पितापुत्रांनी विकसित केलेल्या या खेळाचे नियम इ.स. १८२४ मध्ये पुत्राने प्रसिद्ध केले. त्यात खेळाडू सेनापती म्हणून आज्ञा देत आणि एक पंच त्यांचा परिणाम ठरवीत असे. संपूर्ण रणभूमीचे ज्ञान केवळ पंचाला असे. पुढे अमेरिकी लष्करातील चार्ल्स टॉटन याने इ.स. १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ हा ग्रंथ लिहिला. नियमांत न बसणाऱ्या गोष्टीही खेळाडूला करू पाहता याव्यात आणि त्यांचा निर्णय पंचाने द्यावा, ही कल्पना मिनेसोटातील डेव्हिड वेसली या तरुणाने या ग्रंथातून उचलली.

इ.स. १९६९ मध्ये वेसलीने नेपोलियनच्या काळातील ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या कल्पित जर्मन गावावर आधारलेला एक खेळ आखला. नेहमीच्या दोन सेनापतींखेरीज गावातील नगराध्यक्ष, विद्यापीठाचा प्रमुख अशा व्यक्तींच्या भूमिकाही त्याने खेळाडूंना दिल्या. खेळाडूंनी एकेक करून आपल्याकडे यावे व आपली कृती सांगावी, अशी त्याची योजना होती. प्रत्यक्षात पाळीची वाट पाहणाऱ्या खेळाडूंनी आपापसांत बोलणी सुरू केली, कट रचले आणि आपल्या भूमिकेत राहून एकमेकांशी व्यवहार केले. पंचाचा ताबा सुटला. वेसलीला हा प्रयोग फसला असे वाटले. खेळाडूंना मात्र तो अतिशय आवडला आणि त्यांनी असेच आणखी खेळ मागितले.

या प्रसंगाकडे आतापर्यंत प्रामुख्याने ‘व्यक्तिगत भूमिकेचा उगम’ म्हणून पाहिले गेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा ठरतो. या खेळप्रकाराचा जन्म पंचासमोर उभ्या असलेल्या खेळाडूमुळे झाला नाही. तो खोलीबाहेर ताटकळलेल्या खेळाडूंमुळे झाला. एका वेळी एकाचेच ऐकू शकणारा पंच आणि बोलण्यास उत्सुक असलेले अनेक जण, हा ताण आरंभापासूनच होता.

४. प्रवक्त्याची प्रथा

ब्राउनस्टाइनमधील एक खेळाडू डेव्ह अर्नेसन याने इ.स. १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ ही दीर्घकाळ चालणारी खेळमालिका सुरू केली. पुढे त्याने व विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स याने मिळून डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम सिद्ध केले. इ.स. १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांच्या संचाच्या रूपाने त्याच्या पहिल्या १,००० प्रती निघाल्या. त्यात एका खेळमालिकेत चारपासून पन्नासपर्यंत खेळाडू सामावता येतील आणि एका पंचामागे साधारणतः वीस खेळाडू असावेत, असे प्रमाण सुचविले होते. हे सर्व एकाच बैठकीला येत असे नव्हे. तरीही बैठकीला मोठा जमाव असण्याची शक्यता त्यात गृहीत होती. वर केलेला हिशेब वीस खेळाडूंना लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला सहाच मिनिटे येतात.

या अडचणीवरचे पहिले उत्तर होते प्रतिनिधित्व. तिसऱ्या पुस्तिकेत खेळाचा जो नमुना-संवाद दिला आहे, तो पंच आणि गटाच्या वतीने बोलणारा एक ‘पुकारणारा’ एवढ्या दोघांतच घडतो. मराठीत या व्यक्तीला ‘प्रवक्ता’ म्हणता येईल. बाकीच्यांनी आपसांत ठरवावे आणि प्रवक्त्याने निर्णय पंचाला कळवावा, अशी ही रीत होती. इ.स. १९८१ मध्ये टॉम मोल्डवे याने संपादित केलेल्या प्राथमिक संचातही प्रवक्ता नेमण्याची शिफारस आहे. खेळाडूंनी स्वतः बोलण्यास मनाई नव्हती. पण प्रवक्त्यामुळे खेळ सुरळीत चालतो, अशी त्यामागील धारणा होती. त्याच्या जोडीला भुयाराचा नकाशा काढणारा दुसरा खेळाडूही नेमला जाई.

प्रवक्त्याची प्रथा गोंधळ कमी करणारी होती, परंतु समन्यायाची नव्हती. सभेत प्रतिनिधी बोलला म्हणजे मतदाराचे मत पोचते. त्याचा आवाज पोचत नाही. भूमिका-खेळात आवाज हाच आनंद असल्यामुळे हे प्रतिनिधित्व अपुरे पडणे स्वाभाविक होते. बैठकीतील खेळाडूंची संख्या चार-सहापर्यंत स्थिरावली आणि पात्राच्या तोंडून बोलण्याला महत्त्व आले, तशी १९८० च्या दशकात ही प्रथा मागे पडली. मात्र प्रवक्ता गेल्यावर त्याच्या जागी कोणता नियम आला, असा प्रश्न केला तर बहुतांश पुस्तिकांत उत्तर मिळत नाही. लढाईबाहेरील बोलणे सूत्रधाराच्या तारतम्यावर सोपविण्यात आले, म्हणजेच प्रत्यक्षात ते ‘जो आधी बोलेल त्याची पाळी’ या नैसर्गिक नियमाकडे परत गेले.

५. सामर्थ्याचा समतोल

दुसरे उत्तर पात्रांच्या रचनेत शोधले गेले. प्रत्येक पात्राला काहीतरी असे करता यावे जे इतरांना येत नाही, म्हणजे त्याची वेळ आपोआप येईल, असा हा विचार होय. १९७४ च्या पुस्तिकेत योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक असे तीनच वर्ग होते. आरंभीच्या जादूगाराला दिवसातून एकच मंत्र वापरता येई. उच्च पातळीवर मात्र तो सर्वांना मागे टाकी. दुसरी पातळी गाठण्यास योद्ध्याला २,००० तर जादूगाराला २,५०० अनुभवगुण लागत. म्हणजे येथे समतोल होता, पण तो पात्राच्या संपूर्ण कारकिर्दीवर पसरलेला होता. आज योद्ध्याने मिरवावे, पुढे जादूगाराने. खेळमालिका मध्येच बंद पडली, किंवा पात्र लवकर मेले, तर हा हिशेब कधीच पुरा होत नसे. वर्षाअखेर सारखी होणारी वाटणी एका संध्याकाळी अन्यायकारक असू शकते, हे या रचनेत लक्षात घेतले गेले नव्हते.

इ.स. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर हा चौथा वर्ग आला. कुलूप उघडणे, सापळे निकामी करणे, लपणे ही कामे त्याच्या नावावर झाली. त्याला स्वतःचे क्षेत्र मिळाले. परंतु पूर्वी कोणत्याही खेळाडूला युक्तीने करता येणाऱ्या गोष्टी आता एकाच्या मक्तेदारीत गेल्या, असा आक्षेपही घेतला गेला. कामांची विभागणी एकाला रंगमंच देते आणि त्याच वेळी इतरांना त्यावरून खाली उतरवते, हा पेच पुढेही कायम राहिला.

या विचाराची परिणती इ.स. २००८ मध्ये आलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या चौथ्या आवृत्तीत दिसते. तीत प्रत्येक वर्गाला संरक्षक, प्रहारक, नेता किंवा नियंत्रक यांपैकी एक कार्य नेमून दिले होते आणि सर्वांच्या क्षमता एकाच साच्यात बसविल्या होत्या. सामर्थ्याची समता बरीचशी साधली. मात्र सगळे वर्ग सारखेच वाटतात आणि लढाईतील प्रत्येक पाळी लांबते, अशा तक्रारी झाल्या. सामर्थ्य समान असूनही पाळीची वाट पाहण्याचा काळ वाढला, ही बाब बोलकी आहे.

या परंपरेतील दोन अपवाद उल्लेखनीय आहेत. बफी या दूरचित्रवाणी मालिकेवरील इ.स. २००२ च्या खेळात नायिका व तिचे सामान्य मित्र यांच्या बळात मुद्दामच मोठे अंतर ठेवले होते. भरपाई म्हणून कथेला वळण देता येणारे नाट्यगुण सामर्थ्यवान पात्राला १० आणि सामान्य पात्राला २० दिले होते. बळ असमान, पण कथेवरील पकड समान, असा हा तोडगा होता. इ.स. २००७ पासून रॉबिन लॉज याने मांडलेल्या ‘गमशू’ पद्धतीत तपासाच्या कौशल्यांसाठीचे गुण खेळाडूंच्या संख्येनुसार कमी-अधिक केले जातात. गट लहान असो वा मोठा, कौशल्ये सर्वांत विभागली जावीत आणि प्रत्येकाकडे स्वतःचे काही असावे, हा त्याचा हेतू होय.

६. पाळीचा क्रम

लढाईच्या प्रसंगी मात्र भूमिका-खेळांनी फार लवकर पाळीचे नियम केले, कारण युद्धखेळांचा वारसा तेथे थेट होता. मोल्डवेच्या १९८१ च्या संचात प्रत्येक पक्षासाठी एक फासा टाकून कोणता पक्ष आधी, हे ठरे. व्यक्तिगत क्रम ऐच्छिक होता. इ.स. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पात्राचा स्वतंत्र क्रम ठरून तो पूर्ण लढाईभर चक्राकार चालू लागला. संभाषण-विश्लेषणाच्या भाषेत ही आधीच वाटून दिलेली पाळी होय. तिचा मोठा गुण असा की लाजाळू खेळाडूलाही ती मिळतेच. अनेक गटांत अबोल खेळाडू लढाईतच खुलतो, त्याचे एक कारण हे मानता येईल.

परंतु क्रम ठरविणारा नियमही अन्याय करू शकतो. इ.स. १९८९ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘शॅडोरन’ या खेळात चपळ पात्राला एका फेरीत अनेक कृती मिळत आणि त्यांपैकी बऱ्याच कृती मंद पात्राच्या पहिल्या कृतीआधीच उरकत. मंद पात्राची पाळी येईपर्यंत लढाई संपलेली असे. इ.स. १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीत हे बदलले. सर्वांची पहिली कृती झाल्यावरच चपळ पात्राची दुसरी कृती होईल, असे ठरले. चपळाईचा लाभ राहिला, पण तो इतरांना एकदा तरी संधी मिळाल्यानंतर.

इ.स. २०१२ च्या ‘मार्व्हल हिरोइक रोलप्लेइंग’ या खेळाने आणखी एक मार्ग काढला. ज्याची कृती झाली त्यानेच पुढचा खेळाडू निवडावा. फेरी संपण्याआधी प्रत्येकाची पाळी झालीच पाहिजे. शेवटच्याने पुढील फेरीचा पहिला निवडावा. चालू वक्ता पुढचा वक्ता निवडतो, हा संभाषणातील पहिला नियम येथे खेळाचा नियम झाला, मात्र कोणालाही वगळता येणार नाही अशा अटीसह. वाटपाचा अधिकार सूत्रधाराकडून खेळाडूंकडे गेल्याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

७. एकट्याचा प्रवेश आणि इतरांचे काय?

लढाईबाहेर प्रश्न अधिक बिकट होता. शॅडोरनमध्ये संगणकजाळ्यात शिरणारे पात्र असे. ते आत शिरले की त्याचा व सूत्रधाराचा जणू दुसराच खेळ सुरू होई आणि बाकीचे रिकामे बसत. इ.स. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत संगणकजाळे बिनतारी करून हे पात्र इतरांच्या बरोबरीने, त्याच जागी, त्याच क्षणी वावरेल अशी सोय केली गेली. कल्पित जगातील तंत्रज्ञान बदलल्यामुळे टेबलाभोवतीच्या माणसांचा एक जुना प्रश्न सौम्य झाला.

याहून मूलगामी उत्तर इ.स. १९८७ मध्ये जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांच्या ‘आर्स मॅजिका’ या खेळाने दिले होते. त्यात जादूगार हे उघडच सर्वश्रेष्ठ असतात. सामर्थ्याचा समतोल साधण्याचा प्रयत्नच तेथे केलेला नाही. त्याऐवजी प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार आणि एक साथीदार अशी दोन पात्रे असतात, तर साधे शिपाई सर्वांचे सामाईक असतात. या मोहिमेत एकाचा जादूगार पुढे असेल तर दुसरा खेळाडू साथीदार वठवतो, तिसरा शिपाई. पुढील मोहिमेत भूमिका बदलतात. सूत्रधाराचे कामही आळीपाळीने घेता येते. नाटकमंडळीत आज राजा झालेला नट उद्या भालदार होतो, तशीच ही रचना आहे. पात्रांमधील समता आणि खेळाडूंमधील समता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या खेळाने प्रथमच इतक्या स्वच्छपणे दाखविले.

८. प्रकाशझोत नियमात उतरतो

एकविसाव्या शतकाच्या आरंभी लहान, स्वतंत्र प्रकाशकांच्या खेळांत हा विचार केंद्रस्थानी आला. मॅट विल्सन याच्या इ.स. २००४ मधील ‘प्राइमटाइम अ‍ॅडव्हेंचर्स’ या खेळात बैठकींची मालिका ही दूरचित्रवाणी मालिकेप्रमाणे भागांत विभागलेली असते. प्रत्येक भागात प्रत्येक पात्राचे ‘पडद्यावरील अस्तित्व’ १ ते ३ या अंकांनी आधीच ठरवले जाते. ज्या भागात एखाद्याचा अंक ३, तो भाग त्याचा. त्याच भागात इतरांचे अंक कमी असू शकतात आणि त्यांना तसे वाटतही नाही, कारण आपला भाग केव्हा येणार हे त्यांना ठाऊक असते. प्रवेश मांडण्याची पाळी टेबलाभोवती क्रमाने फिरते. शिवाय दुसऱ्याचे खेळणे आवडले तर खेळाडू त्याला ‘चाहत्याचे पत्र’ म्हणून गुण देतात. श्रोत्याच्या २१६ मिनिटांनाही मोल आहे, ही जाणीव या लहानशा नियमात आहे.

जेसन मॉर्निंगस्टार याच्या इ.स. २००९ मधील ‘फियास्को’ या खेळात सूत्रधारच नाही. तीन ते पाच खेळाडूंपैकी प्रत्येकाला दोन अंकांत मिळून चार प्रवेश मिळतात. कमी नाही, जास्त नाही. आपल्या प्रवेशाची मांडणी करायची की त्याचा शेवट ठरवायचा, यांपैकी एकच गोष्ट खेळाडूला निवडता येते. दुसरी गोष्ट इतरांच्या हाती असते. त्यामुळे प्रकाशझोतातील व्यक्ती एकटी सर्व ठरवू शकत नाही आणि झोताबाहेरील व्यक्ती निष्क्रिय राहू शकत नाही. वाटणी केवळ वेळेची नसून निर्णयाचीही असते, हे येथे नियमबद्ध झाले.

इ.स. २०१० मध्ये व्हिन्सेंट व मेग्वे बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने खेळ म्हणजे संभाषण होय, ही भूमिका उघडपणे स्वीकारली आणि लढाईतील ठरावीक क्रमही काढून टाकला. कोणाकडे वळायचे, हे सूत्रधार प्रसंग पाहून ठरवतो. यात ओघ टिकतो, पण भार पुन्हा सूत्रधाराच्या सावधपणावर येतो. याउलट रॉबिन लॉजच्या इ.स. २०१३ मधील ‘हिलफोक’मध्ये खेळाडू ठरलेल्या क्रमाने प्रवेश ‘पुकारतात’. १९७४ चा पुकारणारा सर्वांच्या वतीने बोलणारा एकमेव होता. येथे प्रत्येकजण आपल्या पाळीला पुकारणारा होतो. एकाच शब्दाच्या अर्थात चाळीस वर्षांत पडलेले हे अंतर या संपूर्ण इतिहासाचे सार सांगते. इ.स. २०२५ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘डॅगरहार्ट’मध्ये तर प्रकाशझोत ही नियमपुस्तिकेची पारिभाषिक संज्ञाच आहे. तेथे लढाईतही ठरावीक क्रम नाही; फाशांचा कौल प्रतिकूल आला की झोत सूत्रधाराकडे जातो.

हे टप्पे एकामागून एक संपत गेले, असे समजणे योग्य होणार नाही. सामर्थ्याच्या समतेवर भर देणारी २००८ ची आवृत्ती ही प्राइमटाइम अ‍ॅडव्हेंचर्सनंतरची आहे. जुनी उत्तरे टिकून राहिली आणि त्यांच्या शेजारी नवी आली, असेच म्हणणे अधिक युक्त ठरेल.

९. समतेच्या मर्यादा

टेबलाभोवतीचे गट समाजातूनच येतात, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटातील गटांत सहभागी होऊन निरीक्षण केले आणि ते इ.स. १९८३ मध्ये ‘शेअर्ड फँटसी’ या ग्रंथात मांडले. या गटांत स्त्रियांची संख्या अत्यल्प होती. नियमही निर्लेप नव्हते. १९७४ मधील योद्धा वर्गाचे नावच पुरुषवाचक होते आणि इ.स. १९७८ च्या प्रगत नियमांत स्त्री-पात्रांच्या बळाची कमाल मर्यादा पुरुष-पात्रांपेक्षा कमी होती. इ.स. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती काढण्यात आली. कागदावरची मर्यादा एका आवृत्तीत पुसता येते. बोलताना मध्येच तोडले जाण्याची सवय तशी पुसता येत नाही. म्हणूनच पाळीचे नियम हे केवळ सोयीचे नियम राहत नाहीत.

दुसरी मर्यादा विरुद्ध दिशेची आहे. प्रत्येकाला प्रकाशझोत हवाच असतो, हे गृहीतकही तपासले पाहिजे. लॉज याने इ.स. २००२ मध्ये सूत्रधारांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत खेळाडूंचे जे प्रकार सांगितले, त्यांत केवळ मित्रांच्या सहवासासाठी येणारा व मागे राहण्यात समाधानी असणारा खेळाडूही आहे. त्याला बळेच पुढे ओढणे हा समन्याय नव्हे. प्रश्न असा की, गप्प बसलेला खेळाडू समाधानी आहे की त्याला बोलण्यास वावच मिळालेला नाही, हे बाहेरून सारखेच दिसते. सक्तीची समान पाळी पहिल्यावर अन्याय करते. पाळीचा अभाव दुसऱ्यावर. पाळी निश्चितपणे द्यावी, परंतु ती सोडून देण्याची मुभाही ठेवावी, हाच यातून निघणारा मध्यम मार्ग होय. दिलेली पाळी नाकारता येते. न मिळालेली पाळी मागावी लागते, आणि मागणे हेच अबोल माणसाला सर्वांत अवघड असते.

१०. निष्कर्ष

१) भूमिका-खेळ संभाषणातून घडत असल्याने ‘जो आधी बोलेल त्याची पाळी’ हा नैसर्गिक नियम त्यांना लागू होतो आणि वाटणीतील विषमता मुख्यतः त्यातून निर्माण होते.
२) प्रवक्त्याच्या प्रथेने गोंधळ आवरला, परंतु प्रतिनिधित्व म्हणजे सहभाग नव्हे.
३) पात्रांच्या सामर्थ्याची समता आणि खेळाडूंच्या संधीची समता या भिन्न बाबी आहेत. आर्स मॅजिकासारख्या खेळांत पहिली नसतानाही दुसरी साधली गेली, तर २००८ च्या आवृत्तीत पहिली असूनही वाट पाहण्याचा काळ वाढला.
४) समान वेळ पुरेसा नाही. ऐकणाऱ्याला काही करावयास असणे आणि निर्णयात वाटा असणे, हेही समन्यायाचे घटक आहेत.
५) सूत्रधाराचे सौजन्य आवश्यकच आहे, परंतु एकाच व्यक्तीला एकाच वेळी कथा सांगणे, निर्णय देणे आणि सर्वांचे मौन मोजणे कठीण जाते. लहानसा, सर्वांना माहीत असलेला नियम ते काम अधिक खात्रीने करतो.

महाविद्यालयीन वर्गातील गटचर्चा आणि परिसंवाद यांची घडणही याहून फार वेगळी नाही. तेथेही सूत्रसंचालक एक असतो, वेळ मोजका असतो आणि दोन-तीन आवाज इतरांना झाकतात. मागील बाकावरचा विद्यार्थी बोलला नाही, तर त्याला बोलायचेच नव्हते, असा निष्कर्ष सहज काढला जातो. पाच दशकांचा हा खेळाचा इतिहास तो निष्कर्ष काढण्याआधी एक गोष्ट तपासण्यास सांगतो : त्याची पाळी खरोखर आली होती काय?